पालेगावच्या देवीचा उजवा डोळा

उल्हासनगरच्या ज्या गाळ्यात मी मीना भरते तिथं माझी जागा भट्टीशेजारी आहे, तोंड भिंतीकडे. ही जागा मी मागून घेतली. नवीन होते तेव्हा मला दारासमोर बसवलं होतं. येणारं गिऱ्हाईक काहीबाही विचारायचं आणि मी मान खाली घालून कानातल्यांत रंग भरत राहायचे. मग गिऱ्हाईक शेठना विचारायचं, "बहिरी है क्या?"

शेठ सिंधी आहेत, पण त्यांचं मराठी माझ्या हिंदीपेक्षा बरं. ते म्हणायचे, "बहिरी नाय, साईं. शब्द जपून वापरते. संपले तर?"

भट्टीजवळ उन्हाळ्यात कुणीच बसायला मागत नाही, त्यामुळे ती जागा मला भांडण न करता मिळाली. भांडायची वेळ आली असती तर मी अजून दारासमोरच असते.

मीना म्हणजे रंगीत काच. ती खलात कुटायची आणि पाण्यात धुवायची. दुधासारखं पाणी निघायचं थांबलं की तिचा ओला लगदा सळईच्या टोकानं चांदीच्या खोबणीत भरायचा आणि भट्टीत सरकवायचा. काच वितळून चांदीला धरून बसते, मग रंग हलत नाही. हल्ली बाजारात थंडा मीना चालतो. म्हणजे डब्यातला रंग सुईनं सोडायचा, वाळू द्यायचा, झालं. झुमके, बिल्ले, किचेन सगळं त्यातच होतं. भट्टी आमच्याकडे आता फक्त देवाच्या कामाला पेटते. करंडे, मुकुटावरचे मोर आणि देवांचे डोळे.

डोळे मला सगळ्यांत आवडतात. पांढरा आधी भरायचा, कारण तो जास्त ताव सोसतो. बुबुळ मागाहून. भट्टीतून काढलं की सगळा डोळा नुसता लाल निखारा असतो, त्यात पांढरंही दिसत नाही आणि काळंही नाही. जाळीवर ठेवून बघत बसायचं. आधी हिरवट दिसतो, मग पिवळट, मग दुधावर साय धरावी तसा पांढरा वर येतो आणि त्यात बुबुळ. तेवढ्यात तो आपल्याकडे बघायलाच लागतो. माणसांनी असं रोखून बघितलं तर मला घाम फुटतो. डोळ्यांचं काही वाटत नाही.

डोळे आम्ही नेहमी जोडीनं करतो. डावा-उजवा शेजारी ठेवायचे आणि एकाच बैठकीत भरायचे. एकटा डोळा मी कधी केलाच नव्हता. पुढचा सगळा गोंधळ त्यातूनच झाला.

चैत्र लागला होता. पालेगावची एक मावशी गाळ्यात आली. काष्टा गुडघ्यापर्यंत खोचलेला, गळ्यात जाड पोत, आणि आवाज असा की आमच्या पंख्याची खडखड ऐकू येईना.

"डोल्याचं काम कोन करतं हितं?"

शेठनी माझ्या पाठीकडे बोट केलं. ती येऊन माझ्या मागंच उकिडवी बसली.

"इकरं बग गो बाय. भिंत काय पलून नाय जात."

मी वळले. तिनं पदराच्या गाठीतून कुंकवाचा करंडा काढला. आत कापूस, आणि कापसात चांदीचा एकच डोळा.

त्यांच्या गावदेवीला दर मंगळवारी न्हाऊ घालायचा मान हिच्याकडे होता. सासूनं दिलेला. मूर्ती शेंदराची, डोळे मेणानं बसवलेले. मागच्या पंधरवड्यात पाणी घालताना देवीचा उजवा डोळा सुटला आणि पाण्याबरोबर मोरीतून बाहेर गेला. बाहेर नव्या बिल्डिंगसाठी खणलेला खड्डा. गावानं चिखल चाळला, पण डोळा काही मिळाला नाही. करंड्यात होता तो उरलेला डावा, नमुन्यासाठी काढून आणलेला. तेव्हापासून मावशीची धाकटी जाऊ गावभर सांगत होती की हिचे हात आता थरथरतात, देवीचा डोळा हिनंच काढला, मान आता माझ्याकडे द्या. शेवटी गावच्या म्हाताऱ्या पाटलांनी ठरवून टाकलं. जत्रेच्या आधीच्या मंगळवारी देवीला दोन्ही डोळे पाहिजेत आणि नजर पहिल्यासारखी पाहिजे. नजर बदलली तर न्हाऊ घालायचं जावेकडे जाणार.

"मावशी, नवी जोडी करून घ्या," शेठ म्हणाले. "एकदम फस्क्लास बनेल."

"आनि हा टाकू? एक तरी जुना ऱ्हाऊ दे. मला वलखनारा."

मग तिचा आवाज एकदम खाली आला. मला वाटलं पंखा वाढवला की काय. "लगीन होऊन आले तवापासून तिला न्हाऊ घालते गो. नवऱ्याशी नाय बोलले तेवरं तिच्याशी बोलले. ते जावेकरं गेलं तर मंगलवारी मी करू काय?"

मी डोळा तिच्या हातातून घेतला.

"असाच दुसरा कर," ती म्हणाली. "असाच म्हंजे असाच."

रंग जुळवताना मला फार मजा आली. जुन्या डोळ्यातला पांढरा आता पांढरा राहिलाच नव्हता, साठवणीच्या तुपासारखा झाला होता. मी चांदीच्या कातरणांवर नमुने भाजले. पांढऱ्यात पिवळ्याची चिमूट टाकली तर कावीळ झाल्यासारखं दिसलं. कमी टाकली तर देवी घाबरल्यासारखी वाटेल असा पांढरा आला. मग नुसता पांढराच भट्टीत थोडा जास्त वेळ ठेवला, आणि अगदी तसा तुपाचा रंग आला. बुबुळ काळं समजून बसले होते, पण दारात उन्हाला धरलं तर घट्ट निळं निघालं. तेही जुळवलं. बुबुळ डोळ्याच्या मधोमध नव्हतं, जरा एका अंगाला आणि खालच्या पापणीला टेकलेलं होतं. मी तितकंच आणि तसंच बसवलं.

शेठनी दोन्ही डोळे तळहातावर ठेवले, फिरवले आणि विचारलं, "भाभी, यात जुना कुठला?" त्यांना खरंच ओळखता येईना. मी इतकी खूश झाले की त्या दिवशी डब्यातली कारल्याची भाजी सगळ्यांना वाटली.

पण खूश राहणं काही जमलं नाही. मावशीचा फोन आला. डोळा बनवणाऱ्याच्याच हातानं बसवायचा, अशी त्यांच्याकडची रीत.

"शेठ, तुम्हीच जा ना," मी म्हटलं.

शेठनी पोटावर हात फिरवला. "हे बघ. गाभाऱ्यात जाईल हे?"

घरी मांजर्लीला येऊन नवऱ्याला सांगितलं, तर ते जेवता जेवता हसायला लागले. "तू? गावासमोर? तू दूधवाल्याला पण पातेलं खिडकीतून देतेस."

"म्हणूनच सांगते. तुम्ही चला."

"मी आलो तर माझ्या मागं लपशील आणि डोळा मलाच लावायला लावशील," ते म्हणाले आणि भात वाढून घेतला.

तर मी एकटीच गेले. अंबरनाथ पूर्वेला रिक्षा धरली. मांडीवर डबा आणि डब्यात कापसात डोळे. पालेगावात शेतं जिथं संपतात तिथं एकदम टॉवर उभे आहेत, आणि त्यांच्या पायाशी देवीचं छोटं देऊळ. देवळाचं काम काढलं होतं. कौलं उतरवून वरती तात्पुरते पत्रे घातलेले. दुपार कलली होती, तरी आत पाऊल टाकल्यावर मला आमच्या भट्टीची आठवण झाली. आणि माणसं! मला वाटलं होतं मावशी असेल, फार तर पाटील. इथं तर हळदीला जमतात तशा बायका जमल्या होत्या.

"आली गो आली, डोलेवाली आली!" मावशीनं पुकारा केला.

पुढं उभी होती ती जाऊ. मला कुणी सांगायची गरज पडली नाही. कमरेवर हात आणि ओठ दाबलेले. माझ्याकडे वरून खालपर्यंत बघून म्हणाली, "ही? ही तर सोताचे डोले पन वर करीत नाय."

मी डोळे वर केलेच नाहीत. मान खाली घालूनच मेण बोटांनी मऊ केलं आणि देवीच्या तोंडाकडे अर्धवट बघत जुना डोळा तिच्या डाव्या खळगीत दाबला आणि नवा उजव्या. झटकन बाजूला झाले. एकदा बसला की पळायचं, एवढंच मनात होतं.

मागून एक बाई म्हणाली, "ही कुठं बगते?"

सगळ्यांनी देवीकडे बघितलं आणि देवी बघत होती तिकडे माना वळवल्या. देवी दोन्ही डोळ्यांनी, समोरच्या माणसांना सोडून, खिडकीतून बाहेर बघत होती. बाहेर टॉवर होता आणि त्यावर नमुना फ्लॅट बघायला या म्हणून मोठा फलक.

"घ्या," जाऊ म्हणाली. "देवीनं फ्लॅट बुक केला."

सगळ्या बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. मावशी ओरडली, "तोंड आवर तुजं!" पण तिचाही चेहरा उतरला होता.

मला तिथल्या तिथं कळलं. जुन्या डोळ्यातलं बुबुळ एका अंगाला सरकलं होतं ते नाकाकडे. मी नव्यातलंही त्याच अंगाला सरकवलं. पण दुसऱ्या डोळ्याचं नाक दुसऱ्या अंगाला असतं! जोडीनं करताना हे विचारात घ्यावं लागत नाही, हात आपोआप उलटा चालतो. इथं मला असाच म्हणजे असाच करायचा होता, आणि मी अगदी असाच केला होता.

हे सगळं मला कळलं, पण तोंडातून काढता येईना.

"उलटा लावून बगा," पाटील म्हणाले. त्यांनीच डोळा काढला आणि वरची बाजू खाली करून लावला. बुबुळ नाकाकडे आलं खरं, पण वरच्या पापणीला टेकलं. एक डोळा वर आणि एक खाली.

"आता दोन-दोन मजले बगते," जाऊ म्हणाली.

पाटलांनी घाईघाईनं तो पुन्हा होता तसा लावला. मग वादच पेटला. कुणी म्हणे दोन्ही डोळे नवे करा, कुणी म्हणे टॉवरवाल्यांना फलक काढायला सांगा. जाऊ म्हणाली, डोळ्यांचं नंतर बघा, आधी न्हाऊ कोण घालणार ते ठरवा, ज्या हातानं डोळा गेला तो हात पुन्हा देवीला लागायला नको. मावशीचा आवाज नसल्यानं ते देऊळ मोकळं वाटत होतं.

आणि वाद चालू असताना नवा डोळा हलला.

माझं लक्ष तिथंच होतं, म्हणून मला आधी दिसलं. आधी तो जरासा खाली आला. मग थांबला. मग गालावरून सावकाश घसरत निघाला, अगदी चालत आल्यासारखा. "अगो आई!" कुणीतरी ओरडलं. डोळा नथीपर्यंत आला, तिथं पाटलांनी खाली हात धरला आणि तो त्यांच्या तळव्यात पडला. देवीला कुणाचा हात लागला नव्हता. सगळ्यांत जवळ उभी होती ती जाऊच, आणि तिचे दोन्ही हात तिच्या कमरेवर होते.

"पत्रा," मी म्हटलं.

"काय?" मावशीनं कान माझ्या तोंडाशी आणला.

"पत्रा तापलाय. मेण मऊ होतंय. कौलं होती तेव्हा होत नसेल."

मावशी ताठ झाली आणि तिचा आवाज परत आला. "बाय म्हनते पत्र्यानं मेन वितललं! कौलं होती तवा डोला कवा परला होता काय? मीच न्हाऊ घालत होते ना? कौलं काढली आनि पंधरा दिवसांत डोला गेला! माजा हात नाय, पत्रा!"

पाटलांनी वर पत्र्याकडे बघितलं, मग बोट लावून मेण बघितलं. बोटाला लोण्यासारखं आलं. "खरं हाय," ते म्हणाले.

पण जाऊ हार मानणाऱ्यातली नव्हती. "मेन वितललं, मानलं. पन नजर? नजरेचं बोलनं झालंय गावात."

"झालंय," पाटील म्हणाले. "मंगलवारपर्यंत."

म्हणजे मावशीचं काम अजून माझ्याच हातात होतं. मग मी पहिल्यांदा देवीकडे नीट, मान वर करून बघितलं. उजवी खळगी डावीपेक्षा थोडी खोल होती. आणि तिचा जुना डोळा दाराकडे किंवा माणसांकडे बघतच नव्हता. तो खाली, अगदी जवळ, पायाशी बघत होता. तिथं दगडाचा एक झिजलेला पाट होता.

"मावशी," मी तिच्या कानाशी म्हटलं, "तुम्ही न्हाऊ घालायला बसता तशा बसा."

"बाय म्हनते मी न्हाऊ घालायला बसते तशी बसू!" मावशीनं सगळ्यांना कळवलं आणि बसली.

मी खळगीत मेणाचा गोळा दाबला आणि काडीला काजळ लावून त्यावर ठिपका दिला. "आता?"

"थोरा आत."

ठिपका पुसला, आत दिला.

"अजून. हां... हां. आता बगते माज्याकरं."

"तू म्हनशील तेच काय?" जाऊ म्हणाली. "ऊठ. मी बसते."

मावशी उठली, जाऊ बसली. तिनं वर बघितलं आणि बघतच राहिली. मला वाटलं, आता ही काहीतरी टोला मारणार. पण ती हळू म्हणाली, "तेवराच खाली घे. तांदलाएवरा."

मी मावशीकडे बघितलं.

"तिच्याकरं काय बगते?" जाऊ मला म्हणाली. "दर मंगलवारी हिच्या मागं हंडे घेऊन कोन उभं ऱ्हातं? देवी कशी बगते ते मला नाय ठाऊक?"

मी ठिपका तांदळाएवढा खाली घेतला. मावशी पुन्हा बसली, बघितलं आणि मान डोलावली. जावेचं म्हणणं बरोबर होतं.

मेणाचा तो गोळा मी डब्यात ठेवून, डबा ओल्या फडक्यात गुंडाळून उल्हासनगरला आणला. शेठनी नवी चांदी कापून दिली आणि म्हणाले, "भाभी, इस बार नाक किधर है, पूछ लेना." तो डोळा मी सरळ गोळ्यावर ठेवून आखला. रंग आधीच जुळलेले होते. भट्टीतून काढल्यावर तो माझ्याकडे न बघता जरा बाजूला बघत होता, तेव्हाच मला धीर आला. मेणात राळ घालून घोटली. ठोकायचे तुकडे धरायला आम्ही राळ वापरतोच, आणि देवाला तिचं वावडं नसतं.

मंगळवारी पत्रा तापायच्या आत, सकाळीच गेले. पाटलांनी पत्र्यावर पेंढा पसरून घेतला होता. या वेळी मी पळायची घाई केली नाही. डोळा खळगीत बसवला, राळ आवळेपर्यंत अंगठा धरून ठेवला आणि मग बाजूला झाले.

पहिला चुकीचा डोळा मी डब्यातून मावशीला परत द्यायला काढला, तर तिनं माझी मूठ मिटवली. "ह्याला आमचा गाव बगायचा नाय. तू ने." आता तो मांजर्लीत आमच्या ओट्याच्या भिंतीवर आहे, पावसाळ्यात नदी घरात येते त्या खुणेच्या वर. गॅसकडे बघत असतो. दूध उतू जाताना मात्र काही सांगत नाही.

तर मंगळवारी डोळा बसल्यावर पाटील जावेला म्हणाले, "तू बस. तूच बगून सांग."

जाऊ पाटावर बसली. सगळ्या बायका तिच्या पाठीकडे बघत होत्या. मावशीनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं. जाऊ कितीतरी वेळ वर बघत राहिली. मग उठली, हंड्यातून तांब्या भरला आणि मावशीच्या हातात दिला.

"घाल," म्हणाली. "आनि हात धर डोल्यांवर. पुन्ना गेला तर मी नाय चिखल चालनार."

मावशी बसली. डावा हात देवीच्या डोळ्यांवर आडवा धरला आणि उजव्यानं कपाळावर पाणी सोडलं. आणि लगेच बोलायला लागली, जणू मधले दिवस गेलेच नव्हते. "बरी हायस ना गो? टावर बगून झाला? कसे हायेत फ्लॅट? आपल्याला नाय परवरनार, तू हितंच बरी." जाऊ मागून हंडा पुढं करत म्हणाली, "बोलत नको बसू, पानी निवलं." आणि मावशी म्हणाली, "तू गप."

पाणी झाल्यावर मावशीनं बसल्या बसल्याच मला हाताला धरून पुढं ओढलं. "तू पन ये. तिला तोंड दाखव."

मी पुढं गेले, मान वर केली. देवी माझ्याकडे बघतच नव्हती. ती खाली, पाटावरच्या मावशीकडे बघत होती.

मला इतकं बरं वाटलं की मी तिथंच थोडा वेळ उभी राहिले.